शाबी मेस्त आणि गाडीच्या मागचा आवाज

गाडी डाव्या कुशीवर शेतात पडली होती आणि मी डाव्या दारावर. काच फुटून खालचा चिखल आत आला होता. माझ्या वर माझा नवरा सीटच्या पट्ट्याला लोंबकळत होता आणि त्याच्या पायातली एक वहाण माझ्या गालावर येऊन पडली होती. बाहेर एक चाक अजून फिरत होतं. मागच्या बाजूला दहा चिरे ठेवले होते, ते सगळे डावीकडे घसरले होते. त्या चिऱ्यांच्या पलीकडे मेस्त, आमचा गाडीचा मिस्त्री, होता.

"मेस्ता!" मी हाक मारली.

मग मागून आवाज आला, गॅरेजात गाडीखालून बोलायचा तसाच.

"गावलो गो वैनी."

गावलो म्हणजे सापडला. आमच्या गाडीच्या मागून जो आवाज यायचा, तो त्याला सापडला होता.

हा शब्द मी त्याच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला असेन. धारगळला हायवेच्या कडेला माझं चहाचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या जागेत मेस्ताचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि जमिनीत खणलेला एक खड्डा. नाव सुद्धा लिहिलेलं नव्हतं. लोक माझ्या दुकानात येऊन विचारायचे, "मागच्या आवाजाचो मेस्त खंय बसता?" मी बोटाने दाखवायची आणि चहा पिणार का विचारायची.

इंजिनाची कामं तो घ्यायचा, पण मनापासून नाही. त्याचं मन मागच्या चाकांत. खड्ड्यातून गाडी गेली की मागून ठक्क होतं, वळणावर खट्ट होतं, ब्रेक लावला की काहीतरी पुढे येऊन आपटल्यासारखं होतं, असं सांगत कोणी आलं की हा उंडा, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून ठेवलेला तसाच टाकून उठायचा. तो उंडा मग चहात विरघळायचा आणि कप घासताना मी त्याला शिव्या घालायची.

मूळचा तो डिचोलीकडचा. तिथे खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाच्या ट्रकांचे पाटे बदलायचं काम त्याने वीस वर्षं केलं. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या त्या एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचा सगळा भार असतो. ट्रकाखाली घणाचे घाव घालून घालून त्याचा डावा कान गेला आणि उजवा अर्धा राहिला. मग खाणी बंद पडल्या, ट्रक लोकांच्या दारात उभ्याउभ्या गंजले, आणि हा बायकोला घेऊन धारगळला आला. आवाज शोधणारा माणूस आणि बहिरा. पहिल्या दिवशी मला हे कळलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, हा महिनाभर टिकला तर खूप झालं.

तो कानाने ऐकायचाच नाही. त्याच्याकडे माडाच्या लाकडाची एक काठी होती, कोपरापासून बोटापर्यंत येईल एवढी. तिचं एक टोक चावून चावून बारीक झालं होतं. ते टोक तो दातात धरायचा आणि दुसरं टोक चाकाच्या वरच्या लोखंडाला टेकवायचा. आवाज दाढेतून डोक्यात जातो म्हणायचा. त्या काठीला कोणी हात लावलेला त्याला चालत नसे. मी एकदा ती चुकून चुलीजवळ ठेवली होती, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला बरंच वाटलं.

पण काठी धरायची तर गाडी चालत असली पाहिजे. म्हणून तो गाडीच्या मागे शिरायचा. डिकी असेल तर डिकीत, व्हॅन असेल तर मागच्या पत्र्यावर, पिकअप असेल तर हौद्यात आडवा व्हायचा आणि मालकाला गाडी चालवायला सांगायचा. आवाज डावीकडून आला तर एक बोट वर करायचा, उजवीकडून आला तर दोन. मालकाने ते आरशातून बघायचं. डिकीत असला तर आतून ठोकायचा. नवीन माणसाला हे पटत नसे. जॅकवर चढवून बघ की, म्हणायचे. ह्यावर त्याचं एकच उत्तर ठरलेलं होतं.

"जॅकार चढयलेली गाडी फटी मारता. रस्त्यावयली खरां सांगता."

म्हणजे उचललेली गाडी खोटं बोलते. तिच्यावर भार नसतो, सगळे सांधे सैल होऊन लोंबतात, भेग असेल तर मिटून बसते. भार पडला की कुठे दुखतं ते कळतं. हे त्याने मला समजावून सांगितलं होतं, कारण मी विचारलं होतं. त्याला स्वतःहून कोणाला काही समजावायची हौस नव्हती.

आवाज शोधायच्या आधी दोन गोष्टी तो करायचा. पहिली म्हणजे डिकी रिकामी करायला लावायचा. दुसरी म्हणजे विचारायचा, "काय भरलेलस?" गाडीत कसलं ओझं नेलं होतं ते. पहिल्या गोष्टीला लोक कंटाळायचे आणि दुसरीला खोटं बोलायचे. भाताची पोती नेलेला माणूस म्हणायचा, पाहुण्यांना नेलं होतं. मेस्त त्याच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "जड होते रे तुझे पाव्हणे."

डिचोलीहून बँकेतला एक क्लार्क आला होता. गाडी नवी, दोन वर्षांचीसुद्धा नाही. मागून टक टक आवाज येतो म्हणून मोठ्या गॅरेजात त्याने मागची कितीतरी सामानं बदलून घेतली होती. आवाज तसाच. मेस्ताने त्याला डिकी रिकामी करायला सांगितलं.

"मेस्ता, डिकीत काय नाय. शपथ."

"मगे रिकामी करूक तुका वेळ लागचो नाय."

त्याने छत्री काढली, मुलाचा चेंडू काढला. मेस्ताने जादा चाकाचं झाकण उचलायला लावलं. चाकाच्या मागच्या कोपऱ्यात तांबड्या कापडात बांधलेला नारळ होता. गाडी घेतल्यावर तिला देवळात नेली होती, गाऱ्हाणं घातलं होतं आणि भटाने नारळ हातात देऊन सांगितलं होतं, गाडीतच ठेव, फोडू नको. तो नारळ दोन वर्षांत आतून सुकला होता, खोबरं सुटलं होतं. वळणावर करवंटीत गोटा आपटायचा आणि नारळ पत्र्यावर. मोठ्या गॅरेजातल्या लोकांनी तो पाहिला नसेल असं नाही. पण देवाचा नारळ, हात कोण लावणार? बाजूला करून, परत तिथेच ठेवून, ते नवीन सामान बसवत राहिले.

मेस्तानेही हात लावला नाही. क्लार्कलाच तो दोन हातांनी उचलायला लावला, माझ्या दुकानातला टॉवेल मागून घेतला, नारळ टॉवेलात गुंडाळून परत त्याच जागी बसवला.

"गावलो," तो म्हणाला. "आता तेका सांग, देवा, गप बस."

क्लार्क हसला नाही. मी हसले. टॉवेल परत आला नाही.

पण त्याची खरी डोकेदुखी वेगळी होती. मेस्त मागे झोपला की लोक गाडी नीट चालवायचे. जो माणूस रोज खड्ड्यात धडाधड घालतो, तो ह्याला घेऊन निघाला की नवरी घेऊन निघाल्यासारखा निघायचा. मग आवाज कुठून येणार? बांधकामावर आलेला कोल्हापूरकडचा एक पिकअपवाला होता, त्याला सगळे तात्या म्हणत. सळ्या वाहायचा. त्याने मेस्ताला हौद्यात घेतलं आणि हायवेच्या बाजूच्या रस्त्यावरून इतक्या हळू गेला की मागून सायकलवाला पुढे गेला. पाच मिनिटांनी बघते तर मेस्त काठी काखेत मारून एकटाच चालत परत येतोय. मागून तात्या पिकअप घेऊन.

"आवं मेस्त्री, मधीच का उतरला?"

"तुझी गाडी बरी आसा. बिघडलेली गाडी तू घराकडे ठेवन आयलस."

"मागं माणूस झोपलाय, कसं पळवू? तुमास्नी लागलं म्हंजे?"

"माका लागूदे. तू रोज चलयतस तशी चलय."

तात्याने मग खरंच रोजच्यासारखी चालवली. मेस्त परत आला तेव्हा त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि तोंडावर समाधान होतं. मी टेंगळावर लावायला बर्फ दिला. म्हटलं, एक दिवस मरशील. तो म्हणाला, "सगळेच मरतत. पण आवाज गावल्यार मरूक बरां." असलं बोलून तो चहा मागायचा. त्यात काही मोठं शहाणपण आहे असं त्याला वाटत नसे आणि मलाही वाटलं नाही.

रोज चलयतस तशी चलय. हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की माझी नात लहानपणी सायकल शिकताना तेच म्हणायची.

माणसांच्या बाबतीतही त्याची ही खोड होती. एकदा मी कळशी घेऊन त्याच्या समोरून गेले तर म्हणाला, "वैनी, तुझो उजव्या बाजूचो बुश गेलो." बुश म्हणजे गाडीच्या सांध्यात बसवलेली रबराची नळी. मी म्हटलं, आधी स्वतःच्या दाढा बघ, काठी चावून चावून हलायला लागल्यात. पण सहा महिन्यांनी डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, उजव्या खुब्याचं हाड झिजलंय. मेस्ताला मी सांगितलं नाही. त्याला कळलंच असणार. कळशीचं पाणी तो स्वतः भरून ठेवायला लागला, सकाळी, मी यायच्या आत. त्याबद्दल कधी बोलला नाही, मीही नाही.

आता आमच्या गाडीचं सांगते.

माझा नवरा गुरुदास व्हॅन चालवतो. म्हणजे चालवायचा. मांद्र्याच्या गेस्टहाऊसातले पाहुणे तेरेखोलचा किल्ला बघायला न्यायचे, परत आणायचे, हा आमचा धंदा. पावसाळा संपला आणि व्हॅनच्या मागून आवाज यायला लागला. एकाच ठिकाणी यायचा. आमच्या वाड्यावरून हायवेकडे येताना एक उतरण आहे, उतरणीला डावीकडे वळण आहे, वळणावर सातिणीचं झाड आणि झाडाखाली देवचाराचा दगड. देवचार म्हणजे गावाच्या शिवेचा राखणदार. त्याला वर्षाला रोट, म्हणजे जाड भाकर, द्यायचा, विडी द्यायची, दारूचे चार थेंब शिंपडायचे. त्या दगडापाशी गाडी आली की मागून ठक्क. दुसरीकडे कुठेही नाही.

नवरा म्हणाला, ह्या वर्षी आपण रोट दिला नाही. खरं होतं. दिवाळीच्या गडबडीत राहिला होता.

मी रोट भाजला. दोघांनी जाऊन ठेवला, विडी ठेवली, चुकलं माकलं माफ कर म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद.

मेस्ताने त्याआधी एकदा गाडी खड्ड्यावर घेऊन बघितली होती आणि त्याला काही दिसलं नव्हतं. भार घालून फिरवून बघूया म्हणाला होता. म्हणून त्याने मला विचारलं, "वैनी, आवाज येता मगे?"

"गेला. रोट दिला, गेला."

देवचाराला तोही मानायचा, जाता येता हात जोडायचा.

"थंय गाडी कशी चलयता गुरुदास? रोजच्यासारखी?"

"रोजच्यासारखी," मी म्हटलं.

मी गाडीत बसत नव्हते. मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायला काय झालं होतं? धंद्याचे दिवस होते, गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवायची माझी तयारी नव्हती. आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. काय भरलेलस असं त्याने नवऱ्याला विचारलं होतं तेव्हा नवरा म्हणाला होता, पाहुणे. खरं म्हणजे भाद्रपदात विहिरीचा कठडा बांधायला आम्ही चिरे आणले होते, त्याच व्हॅनमधून, मागच्या सीटा काढून, एका खेपेला वीस वीस. ट्रक सांगितला असता तर विहिरीपर्यंत आला नसता, हे कारण. चिरे व्हॅनमधून आणायची कल्पना माझी होती.

तीन महिने असे गेले. मग एक दिवस सकाळी मेस्त त्याच्या बायकोला, ताराला, आमच्या वाड्यावर सोडायला आला होता. तिला कोणाकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. परत जाताना तो सातिणीखाली विडी ओढत थांबला. तेवढ्यात माझ्या नवऱ्याची व्हॅन उतरणीवरून आली. दगडाच्या आधीच ती हळू झाली, अगदी माणसाच्या चालीवर आली. नवऱ्याने स्टिअरिंगच्या चाकावरचे दोन्ही हात सोडून नमस्कार केला आणि दगड मागे पडल्यावर गाडी परत जोरात निघाली.

मेस्त दुकानात आला आणि उभ्यानेच म्हणाला, "वैनी, तुमचो आवाज जावक नाय. गुरुदास हळू झालो."

रोट दिल्यापासून नवरा तिथे देवाच्या भीतीने गाडी हळू करत होता. उतरणीच्या वेगाने डावं चाक वळणावरच्या खळग्यात आपटायचं तेव्हाच तो आवाज यायचा. हळू गेल्यावर कुठून येणार? आवाज बंद झाला म्हणून आम्ही देवचाराचे उपकार मानले, आणि उपकार मानायला गाडी आणखी हळू केली.

तो खाली बसला. "आता खरां सांग. काय भरलेलास?"

मी चिऱ्यांचं सांगितलं. वीस वीस ऐकून त्याने तोंडातली विडी काढली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "दुकानाच्या मागे बसान मी तुझी च्या पिताय, आनी तू माका पाव्हणे सांगतंस."

त्याच दिवशी त्याने गाडी परत खड्ड्यावर घेतली. पाट्यांच्या बाहेरच्या पट्ट्या पुसून पुसून बघितल्या. धड होत्या. त्याला वाटलं, पाटा जिथे अडकवलेला असतो तिथला बुश गेला असेल. पाटा उतरवून बघायला हवा होता. हे मी आता सांगते, तेव्हा मला कळत नव्हतं. त्याला कळत होतं. पण तो आयुष्यभर एकच गोष्ट मानत आला होता, उचललेली गाडी खोटं बोलते, आणि ती खरी ठरत आली होती. आधी आवाज ऐकायचा आणि मग सामान उतरवायचं, ही त्याची रीत. त्या दिवशी रीत मोडली असती तर बरं झालं असतं. माणूस ज्यात हुशार असतो त्यातच कधीतरी फसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात आला. व्हॅनच्या मागच्या सीटा काढायला लावल्या. उरलेले चिरे विहिरीकडे पडले होते, त्यातले दहा आत ठेवायला लावले, डाव्या बाजूला मोकळी जागा ठेवून, उजवीकडे रचून.

"बांधूया?" नवऱ्याने विचारलं.

"तेवां बांधलेलस?"

"ना."

"मगे आतां कित्याक? रोज आसता तसां होवक जाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वीस ठेवची भीती वाटता. दहा कमी पडतले. वैनी, तू बस गो फुडे."

म्हणजे मी गाडीत बसले ती वजन म्हणून. नवऱ्याला हसू आलं. म्हणाला, "दहा चिऱ्यांचो हिशोब बरोबर झालो." मी त्याला म्हटलं, पुढे बघ.

मेस्त मागे चढला. डाव्या चाकाच्या वर पत्र्यावर आडवा झाला, अंगाखाली गोणपाट घातलं, काठी दातात धरून दुसरं टोक लोखंडाला टेकवलं. निघता निघता नवरा म्हणाला, "मेस्ता, दगडाकडे मी हळू करतलंय हां. जोरात जावक माका जमाचा नाय."

मेस्ताने काठी तोंडातून काढली. "गुरुदास, तू रोटाच्या आधी चलयत होतस तशी चलय. देवचारान विचारल्यान तर म्हण, शाबी मेस्तान सांगल्यान."

काठी परत दातात.

मी आरशात बघत होते. माझा आरसा नव्हे, मधला, नवऱ्याचा. त्यात मेस्ताचं अर्धं तोंड दिसत होतं. डोळे मिटलेले. आवाज ऐकताना तो डोळे मिटायचा आणि कपाळाला एक आठी पाडायचा, लहान मूल औषध पिताना पाडतं तशी. उजवा हात मोकळा, छातीवर ठेवलेला, बोट वर करायला तयार. उतरण लागली. नवऱ्याने ब्रेकवरचा पाय काढला. सातीण दिसली. नवऱ्याचे हात चाकावर घट्ट होते, नमस्कार केला नाही. खळगा आला, डावं चाक आपटलं, ठक्क झालं.

आरशात मेस्ताचं एक बोट वर आलं. डावीकडून.

त्याला मी जिवंत शेवटचं बघितलं ते असं. डोळे मिटलेला, काठी दातात, एक बोट वर.

त्याच क्षणाला दुसरा आवाज झाला, मोठा, झाड मोडल्यासारखा. गाडीचा मागचा भाग डावीकडे निसटला, तोंड उजवीकडे वळलं, नवरा चाक फिरवत राहिला आणि त्याचा काही उपयोग नव्हता. बांध ओलांडून आम्ही खालच्या वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, पाण्याने भरलेल्या शेतात कुशीवर पडलो. मग ती हाक, आणि ते उत्तर. गावलो गो वैनी. त्यानंतर मी दोनदा हाक मारली. तो बोलला नाही.

शेतात काम करणारे लोक धावत आले. आधी नवऱ्याला वरच्या दारातून ओढलं, मग मला. चिरे एकेक करून बाहेर काढायला वेळ लागला. मी बांधावर बसून चिरे मोजत होते. सात झाले, आठ झाले. दहावा काढल्यावर त्याला बाहेर आणलं. काठी दातात नव्हती, हातात होती. बोलण्यासाठी त्याने ती काढली असणार.

गाव म्हणालं, देवचाराने नेला. मेस्ताने स्वतःचं नाव सांगितलं, म्हणून त्यालाच नेला. अजून म्हणतात. तारा सुद्धा म्हणते. मी तिला काही सांगायला जात नाही, तिला ते सोपं पडत असेल तर पडू दे. रोट मी दर वर्षी देते. देवचाराचा ह्यात काही दोष नाही.

मोडलेला पाटा मी बघितला आहे. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तो उतरवून आणला आणि माझ्या दुकानाच्या बाकावर ठेवला. सगळ्यात वरच्या पट्टीचं टोक गोल वळवलेलं असतं, त्यात बुश बसतो. तिथेच आतल्या बाजूने मोडला होता. बाहेरून दिसण्यासारखी जागा नव्हती. त्याने मला बोट लावून दाखवलं. मोडल्या जागेचा अर्धा भाग गंजून तपकिरी झाला होता, उरलेला अर्धा चांदीसारखा पांढरा. पांढरा भाग त्या दिवशी मोडला. तपकिरी भाग आधीच मोडलेला होता, त्यात पाणी जाऊन जाऊन गंज धरला होता. किती दिवसांचा असेल, मी विचारलं. तो म्हणाला, काकी, तीन चार महिने असतील. चिरे आम्ही भाद्रपदात आणले. रोट दिला, आवाज गेला म्हणून मी सांगितलं ते दिवाळी झाल्यावर.

नवरा आता गाडी चालवत नाही. वाड्यावरून चालत येतो, दगडापाशी थांबतो, हात जोडतो, मग दुकानात येऊन बाकाच्या टोकाला बसतो. मी त्याला चहा देते. गॅरेजचे पत्रे ताराच्या भावाने काढून नेले, खड्डा आम्ही बुजवला. मागच्या आवाजासाठी अजून कोणी ना कोणी येतं. मी सांगते, मेस्त नाही. सकाळी पाणी मीच भरते, उजवा खुबा दुखतो.

त्या गाडीत आम्ही तिघं होतो. मी वाचले आणि माझा नवरा वाचला.